सोलापुरात मागावरचं काम सुटलं, पुढे काय? दर, दिवस, पीएफ, शिलाई, पुणे: सगळं एका धाग्यात

धोटा
जुनी मिल १८७७ ची. ती गेली, मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू गेल्या, आणि गिरण्यांच्या गावाचा भार शहराच्या पूर्वभागातल्या यंत्रमागांवर आला. चादर, टॉवेल, थोडं वॉल हँगिंग. २०१६ ची नोटाबंदी, २०१७ चा जीएसटी, २०२० ची टाळेबंदी आणि त्यामागून सुताच्या भावाची उडी, एवढ्यात बरेच साधे माग भंगाराच्या भावाने गेले. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी रॅपिअर (धोट्याविना चालणारे वेगवान माग) लावले.

"सोलापुरात काम नाही" हे वाक्य रोज ऐकू येतं. ते अर्धं खरं आहे. काम आहे, पण कांडीचं (धोट्यातल्या कांड्यांवर सूत भरण्याचं) गेलं आणि हेमिंगचं (काठ दुमडून शिवण्याचं) आलं. कायम नोकरीचं गेलं आणि नगावरचं आलं. महिन्याचं गेलं आणि हंगामाचं आलं. म्हणून इथे नेमकी माहिती गोळा करू. आठवणींसाठी वेगळे धागे आहेत. कोणतं काम, हिशेब कसा, फसगत कुठे होते, कागद कोणते, एवढंच लिहा.

जुना_जॉबर
पहिली गोष्ट, नगाचा दर ऐकून काम धरू नका. माग बघा, सूत बघा, मग दर विचारा.

हिशेब असा. साधा माग मिनिटाला ११० बाणे (आडवे धागे) टाकतो असं धरा. टॉवेल ६० इंच लांब, इंचाला ३६ बाणे, म्हणजे एका नगाला २,१६० बाणे. माग सतत कधीच चालत नाही. ताणा (उभा धागा) तुटतो, कांडी बदलायची असते, वीज जाते. ६० टक्के चालला तर मिनिटाला ६६ बाणे पडले. बारा तासांत ४७,५२० बाणे, म्हणजे मागामागे २२ नग. दोन माग सांभाळले तर ४४. नगाला समजा १० रुपये, तर दिवसाला ४४०.

आता तोच माग, पण सूत हलकं. गाठी जास्त, तुटणं जास्त, चालणं ५० टक्क्यांवर. मागामागे १८ नग, दोन मागांचे ३६, हातात ३६०. दरात एक पैसा फरक नाही आणि ८० रुपये गेले. "शेजारी ११ रुपये देतो" म्हणून जाणारा कारागीर हमखास इथेच फसतो.

विचारायचे प्रश्न:
- बीम (ताणा गुंडाळलेला रूळ) संपल्यावर नवा बीम सांधायला अर्धा दिवस जातो, त्याची मजुरी आहे का? बऱ्याच ठिकाणी शून्य.
- खराब नगाची कपात कोणाच्या डोक्यावर? डाग तेलाचा असेल तर तो मागाचा दोष, कारागिराचा नाही. हे आधीच बोलून घ्या.
- उचल किती आणि ती आठवड्याच्या पगारातून कशी कापणार? जुन्या मालकाची बाकी नवा मालक फेडतो तेव्हा ते उपकार नसतात, माणूस बांधून घेणं असतं. आकडा वहीत लिहून घ्या आणि दर आठवड्याला शिल्लक विचारा.

पार्क_चौक
बारा तास कायद्यात बसत नाहीत ना पण?

जुना_जॉबर
नाही बसत. आठाच्या वरच्या तासांना दुप्पट दर लागतो. नगावर मजुरी देण्यामागे हेही एक कारण आहे, की तास मोजावेच लागत नाहीत.

कोन_बॉबिन
रॅपिअरवर जायचं म्हणणाऱ्यांसाठी. साध्या मागावरचा माणूस रॅपिअरवर चालतो, पण हात तेच असले तरी डोळे वेगळे लागतात.

साध्या मागावर धोटा आहे, त्यात कांडी आहे. रॅपिअरला धोटाच नाही. बाणा थेट कोनवरून ओढला जातो. त्यामुळे कांडी भरणाऱ्या बायांचं काम कारखान्यातून सरळ निघून गेलं. वेग दुपटीच्या वर, आणि एकाकडे चार ते आठ माग. म्हणजे मागाजवळ उभं राहायचं नाही, फेरी मारायची. मागावरच्या दिव्याचा रंग बघून ताणा तुटला की बाणा हे लांबूनच ओळखायचं आणि ज्याची दुरुस्ती झटपट होईल तो माग आधी चालू करायचा. सगळ्यात आधी बंद पडला तो आधी, ही साध्या मागाची सवय इथे नडते.

टॉवेलमध्ये बीम दोन असतात, एक जमिनीचा (पायाच्या विणीचा), एक पाइलचा (वरच्या लूपचा). तीन बाण्यांमधले पहिले दोन फणी थोडं मागेच ठेवते आणि तिसऱ्याला तिन्ही एकदम पुढे ठोकते. त्या ठोक्यात पाइलचा सैल ताणा वर उचलला जाऊन लूप तयार होतो. पाइल बीमचा ताण वाढला की लूप आखूड पडतो, टॉवेल वजनात कमी भरतो आणि माल परत येतो. म्हणून चाचणीला उभं केलं तर वजनकाट्यावर नग टाकून बघायची सवय दाखवा. सुपरवायझरला लगेच कळतं की माणूस जाणकार आहे.

गाठ मारताना शेपूट अर्धा सेंटीमीटरच्या आत कापा. लांब शेपूट शेजारच्या ताण्यात अडकतं, आणि एक तुटला होता तिथे तीन तुटतात.

शिकायला मदतनीस म्हणून दोन-तीन महिने धरा. त्या काळात मजुरी रोजावर ठरवा, नगावर नको.

पूर्वभाग
कांडीचं काम गेलं हे खरं, पण त्याच मशिनमुळे दुसरं काम तयार झालं, ते कोणी लिहीत नाही. धोट्याच्या मागावर बाणा काठाशी वळून परत येतो, म्हणून टॉवेलचा काठ आपोआप बंद असतो. रॅपिअरवर बाणा प्रत्येक वेळी कापला जातो. शिवाय रुंद मागावर दोन-तीन टॉवेल शेजारी शेजारी विणून मधून उभे कापतात. म्हणजे आधी फक्त दोन टोकांना शिवण होती, ती आता चारही बाजूंना आली. नगामागे शिलाई दुपटीहून जास्त. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत बायका विचारत येतात तेव्हा "कांडी आहे का" असं न विचारता "हेमिंग, कटिंग, चेकिंग, घडी" असं विचारावं.

ओव्हरलॉक
पूर्वभाग बरोबर. शिलाईबद्दल मी जरा सविस्तर लिहिते, कारण सोलापुरात सध्या नव्या माणसाला सगळ्यात लवकर काम मिळतं ते इथेच. टॉवेल हेमिंग आणि शाळेचे गणवेश, हे दोन वेगळे धंदे आहेत.

टॉवेल हेमिंग: जाड कापड, १४ ते १६ नंबरची सुई, इंचाला ८ ते १० टाके. सगळी अडचण कोपऱ्यात. तिथे कापडाचे थर चढतात, वेगात आलात तर सुई वाकते किंवा तुटते आणि टोक टॉवेलात राहतं. निर्यातीच्या मालात सुईचा तुकडा सापडला की पूर्ण गठ्ठा अडकतो. कोपऱ्याच्या दोन टाके आधी पायडल सोडायचं, चाक हाताने फिरवायचं. तुटलेल्या सुईचे सगळे तुकडे जमवून दाखवल्याशिवाय नवी सुई देत नाहीत, त्याला वैतागू नका.

गणवेश: टेरीकॉटनचा शर्ट, ११ ते १४ नंबरची सुई, इंचाला १२ टाके. चाचणीत कॉलर, कफ किंवा पुढची पट्टी देतात. शिवण गोळा होत असेल तर आधी वरच्या धाग्याचा ताण सैल करा, मग सुई एक नंबर बारीक करा. उलट क्रमाने करणाऱ्यांचा वेळ जातो. साधी शिवण येणारे भरपूर आहेत. फीड ऑफ द आर्म (बाहीसारखी नळी शिवणारं मशिन), काजं, बारटॅक (ताण पडतो तिथली पक्की शिवण) यावर हात बसलेला माणूस कमी मिळतो, त्यामुळे तिथे मंदीतही बसवून ठेवत नाहीत.

आणि हंगाम. शाळा जूनच्या मध्याला उघडतात. कटिंग जानेवारीपासून वाढतं, एप्रिल-मे मध्ये रात्रपाळी, आणि जुलै ते सप्टेंबर हातावर हात. मुलाखतीला मेमध्ये गेलात तर मे महिन्याचा पगार सांगतात. वर्षाचा हिशेब असा करा: समजा दिवसाला ४५०. आठ महिने २६ दिवस, म्हणजे ९३,६००. चार महिने १२ दिवस, म्हणजे २१,६००. एकूण १,१५,२००, महिन्याला ९,६००. मेमध्ये ऐकलेले ११,७०० आणि हे ९,६००, घरभाडं ठरवताना यातला दुसरा आकडा घ्या.

पगारपत्रक
मी फक्त कागदांवर लिहितो. वर सगळे दर बोलले. माझ्या मते सोलापुरात काम धरताना पहिला प्रश्न दिवसांचा हवा: *कागदावर महिन्याचे किती दिवस दाखवणार?*

कारण ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा. पगार २१,००० पर्यंत असेल आणि कारखान्यात १० किंवा जास्त माणसं असतील तर लागू. तुमचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५ टक्के. १४,००० पगारावर तुमचे १०५ रुपये जातात, मालकाचे ४५५. काम सुटलं तर यातच अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे: सरासरी रोजाच्या निम्मे, जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदा. रोज ४८० पडत असेल तर २४० गुणिले ९०, म्हणजे २१,६०० रुपये. काम सुटून ३० दिवस झाले की अर्ज करता येतो. शिस्तभंगावरून काढलेल्याला मिळत नाही. योजनेची मुदत वेळोवेळी वाढवतात, म्हणून आज चालू आहे ना ते शाखेत आधी विचारा.

खरी अडचण पुढे आहे. दोन वर्षं विमाधारक हवं, काम सुटण्याआधीच्या सहा महिन्यांच्या वर्गणी काळात किमान ७८ दिवस हवेत, आणि दोन वर्षांतल्या उरलेल्या तीन काळांपैकी एकात पुन्हा ७८. काळ ठरलेले आहेत, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. ७८ भागिले ६, म्हणजे महिन्याला १३ दिवस. मालक प्रत्यक्षात २५ दिवस काम घेऊन कागदावर १० दाखवत असेल तर सहा महिन्यांचे ६० होतात आणि तुम्ही बाहेर. आजारपणाच्या भत्त्यालाही दिवसच बघतात. वर्गणीतले शे-दोनशे वाचवायला दोघं राजी होतात आणि नुकसान एकट्या कामगाराचं होतं.

दिवस बघायला ईएसआयच्या पोर्टलवर विमा क्रमांकाने लॉगिन करा. वर्गणीच्या पानावर महिनावार दिवस दिसतात. दर तीन महिन्यांनी बघा. काम सुटल्यावर बघून उशीर झालेला असतो.

विडी_घरकुल
आणि पीएफ? इथे एकाच शेडमध्ये तीन-तीन पाट्या असतात. आठ माग वडिलांच्या नावावर, आठ मुलाच्या, आठ सुनेच्या. प्रत्येकात वीसच्या आत माणसं, म्हणून पीएफ नाही म्हणतात.

पगारपत्रक
कायदा तसं म्हणत नाही. पीएफ कायद्यातलं २अ कलम विभाग आणि शाखा मिळून एकच आस्थापना धरतं. एक गेट, एक दिवाणजी, एकच वीजजोडणी, एकाच गोदामात माल, या गोष्टी दाखवता आल्या तर पाट्या कितीही असोत. पण ते दाखवायला कागद लागतो. साप्ताहिक पगाराच्या चिठ्ठ्या, हजेरीचे फोटो, उचल लिहिलेली वही. टाकून देऊ नका, बिस्किटाच्या डब्यात ठेवा.

पीएफ असलेल्यांचे पैसे अडकण्याची कारणं जवळपास ठरलेली:
- मालकाने नोकरी सोडल्याची तारीख भरलेली नसते. शेवटच्या वर्गणीला दोन महिने झाले की पोर्टलवर 'मॅनेज' मध्ये 'मार्क एक्झिट' करून स्वतः भरता येते. आधारला मोबाइल जोडलेला हवा.
- नाव जुळत नाही. आपल्याकडे तेलुगू आडनावं, कुठे आडनाव आधी तर कुठे शेवटी, इंग्रजी स्पेलिंग तीन प्रकारची. आधार, पीएफ आणि बँक, तिन्हीत एकच अक्षरं लागतात. काम चालू असतानाच दुरुस्त करा, कारण दुरुस्तीच्या संयुक्त घोषणेला (जॉइंट डिक्लरेशन) बऱ्याचदा मालकाची सही लागते आणि बंद कारखान्याचा मालक शोधणं हे वेगळंच काम होऊन बसतं.
- घाईने १०-सी (पेन्शनची रक्कम काढायचा अर्ज) भरून पेन्शनचे पैसेही काढतात. सेवा दहा वर्षांच्या आत असेल तर त्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट घ्या. पुढच्या नोकरीची वर्षं त्याला जोडली जातात. साडेनऊ वर्षं झाली की ती दहा धरतात, तिथे काढता येतच नाही.

पार्क_चौक
नगावर काम करणाऱ्याला ग्रॅच्युइटी नसते असं दिवाणजी सांगतो.

पगारपत्रक
दिवाणजीला तसं सांगायला सांगितलेलं असतं. नगावरच्यांसाठी हिशेब कायद्यातच दिला आहे: शेवटच्या तीन महिन्यांच्या मजुरीची सरासरी, ओव्हरटाइम वगळून. मग २६ ने भागा, १५ ने गुणा, वर्षांनी गुणा. सरासरी १३,००० आणि सेवा ९ वर्षं ७ महिने असेल तर वर्षं दहा धरतात, कारण सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष होतो. १३,००० भागिले २६, ५००. गुणिले १५, ७,५००. गुणिले १०, ७५,०००.

कायमच्या माणसाला पाच वर्षांची अट आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यात ठरावीक मुदतीच्या करारावर घेतलेल्याला एका वर्षानंतर प्रमाणात ग्रॅच्युइटी आहे, नेमणूकपत्र सक्तीचं आहे आणि काम सुटल्यावर दोन कामकाजी दिवसांत हिशेब द्यायचा आहे.

जुना_जॉबर
दोन दिवसांत! मालक, आमच्याकडे आठवड्याचा पगार शनिवारचा सोमवारी होतो.

पगारपत्रक
म्हणून तर लिहून ठेवलं. मागायचं काय हे तरी माहीत हवं.

हुतात्मा_डबा_तीन
पुण्याला जावं का, यावर आकडे. चाकण-रांजणगावला ठेकेदाराकडे समजा १८,००० सांगितले. मूळ पगार १५,००० धरला तर पीएफ १,८००, ईएसआय १३५, व्यवसाय कर २००. हातात १५,८६५. कॉट (वाटून घेतलेल्या खोलीतली खाट) समजा ३,०००, मेस ३,५००, प्रवास ८००. उरले ८,५६५. इकडे दोन मागांवर रोज ४४० आणि महिन्याला २४ दिवस मिळाले तर १०,५६०, घरचं जेवण, घरची भिंत.

मग जातात का? कारण तिकडचे १,८०० तुमच्याच खात्यात आहेत, शिवाय कंपनीच्या वाट्यातले ५५० पीएफला आणि १,२५० पेन्शनला जातात. आणि तिकडे २६ दिवस म्हणजे २६ दिवस. इकडे २४ दिवस मिळतील याची खात्री कोण देतो? सोलापुरात २० च्या खाली दिवस जात असतील (म्हणजे ८,८००) तर पुणे बरं, नाहीतर एकट्यासाठी फारसा फरक नाही. कुटुंब घेऊन जाणार असाल तर या पगारात जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत.

मुलाखतीला मुक्काम लागत नाही. हुतात्मा एक्सप्रेस सकाळी इथून निघते, संध्याकाळी पुण्याहून परत. कागद: आधार, पॅन, बँक पासबुक, पीएफचा यूएएन क्रमांक, आयटीआय असेल तर मूळ गुणपत्रक, चार फोटो. नोंदणी फी, गणवेशाची अनामत, मेडिकलचे आगाऊ पैसे मागणारा ठेकेदार दिसला की उठा. आणि विचारा, सात-आठ महिन्यांनी 'ब्रेक' देता का. २४० दिवस भरून सलग सेवा धरली जाऊ नये म्हणून तो असतो. त्या तारखेला पुन्हा कॉट शोधायची वेळ तुमच्यावर येते.

विडी_घरकुल
घरातली बाई विडी करते म्हणून घर तरतं, हा सोलापूरचा हिशेब बाहेरच्यांना कळत नाही. मजुरी हजार विड्यांवर. पण पान खराब आलं तर ठरल्या पानात हजार भरत नाहीत, कमी पडलेलं पान पदरचं विकत घ्यावं लागतं. वर छाट, म्हणजे खराब ठरवून बाद केलेल्या विड्या. म्हणून पान घेतानाच भिजवण्याआधी वरची जुडी सोडून मधली उघडून बघा, भोकं असतील तर तिथेच परत करा. घरी नेल्यावर कोणी घेत नाही. विडी कामगारांनाही पीएफ आहे, लॉगबुकात रोजची नोंद झाल्याशिवाय निघू नका. पुरुषाचं काम सुटलं की बाईच्या विड्या वाढवायच्या, हा उपाय दोन महिने चालतो. मग मान आणि बोटं बोलायला लागतात.

कोन_बॉबिन
एक गोष्ट राहिली. काही ठिकाणी कामाबरोबर राहायला खोली देतात, कारखान्याच्याच आवारात. भाडं वाचतं म्हणून लोक खूश. १८ मे २०२५ ला अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागली, त्यात ८ जण गेले. कापसाचा फुलोरा छताच्या पत्र्यावर आणि वायरिंगवर बसतो, ठिणगीला तो पुरेसा असतो. खोली बघायला जाल तेव्हा तीन गोष्टी बघा: दुसरा दरवाजा आहे का, तो रात्री बाहेरून बंद करतात का, खिडकीला न उघडणारी जाळी आहे का. एक जरी उत्तर वाईट आलं तर भाड्याने बाहेर राहा.

धोटा
तरुणांसाठी थोडक्यात. मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना १८ ते ३५ वयासाठी. बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,०००. ते विद्यावेतन आहे, मुदत संपल्यावर नोकरी द्यायचं बंधन कोणावर नाही. जायचंच तर जिथे मशिनला हात लावू देतील तिथे जा, कार्यालयात कागद लावायला नको.

चार मशिनी टाकून स्वतःचं युनिट काढायचं म्हणणाऱ्यांना: पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचं १५ ते ३५ टक्के अनुदान हातात मिळत नाही. ते तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकतं, आणि हप्ता मात्र चालू असतो. गणवेशाच्या हंगामात कर्ज सुरू झालं तर पहिला हप्ता सोपा जातो, जुलैमध्ये दमछाक होते. आधी जॉबवर्क देणारे दोन जण पक्के करा, एक गणवेशाचा, एक टॉवेलचा. दोघांचे मंदीचे महिने वेगळे असतात.

नवखा_अशोकचौक
पगारपत्रक अण्णा, तुम्ही सांगितलं तसं पोर्टल बघितलं. एप्रिल ते सप्टेंबर दर महिन्याला १२ दिवस दिसतात. एकूण ७२. ७८ ला सहा कमी. काम अजून चालू आहे. आता काही होतं का?

पगारपत्रक
होतं, काम चालू आहे तोवरच. आज त्या पानाचा फोटो काढून ठेवा. त्या सहा महिन्यांच्या साप्ताहिक चिठ्ठ्या काढा, तारीखवार एका कागदावर दिवस लिहा. आधी दिवाणजीला दाखवा आणि राहिलेल्या दिवसांची पुरवणी वर्गणी भरायला सांगा. आठ दिवस थांबा. नाही झालं तर तोच कागद अर्जासोबत ईएसआयच्या शाखा कार्यालयात द्या, पोच घ्या, शिक्का आणि तारीख बघून घ्या. अर्जात "दिवस कमी दाखवले" एवढंच मोघम लिहू नका, महिना, प्रत्यक्ष दिवस, दाखवलेले दिवस असे तीन रकाने करा. आणि ऑक्टोबरपासून दर महिन्याला बघत राहा, या वेळी १३ च्या खाली जाऊ देऊ नका.

नवखा_अशोकचौक
चिठ्ठ्या जूनपर्यंतच्याच आहेत. पुढच्या फाटल्या.

पगारपत्रक
पगार फोनवर येत होता का? बँकेचं किंवा यूपीआयचं स्टेटमेंट काढा, दर आठवड्याची रक्कम दिसेल. रकमेला नगाच्या दराने भागलं की नग निघतात, आणि नगांवरून दिवस. जुना_जॉबर यांनी वर दिलेला हिशेब उलटा करायचा.